बांधावरच्या दगडावरून: येळ्ळूर शिवाराच्या फोटोंच्या नोंदी

१३ एप्रिल

भिशी लागली. १६,००० रुपये हातात आले आणि घरात कुणी काही सुचवायच्या आत मी सांगून टाकलं, यातून कॅमेरा घेणार. "मोबाईल आहे की," एवढंच हे म्हणाले.

आहे, आणि गेलं वर्षभर मी त्याच्यावरच फोटो काढले. ज्याला नुसती सुरुवात करून बघायची आहे त्यानं मोबाईलवरच करावी असं मी कुणालाही सांगेन. माझी अडचण वेगळी आहे. मला माहेरच्या शेताचे फोटो एकाच जागेवरून, पेरणीपासून सुगीपर्यंत काढायचे आहेत आणि शेजारी शेजारी मांडून बघायचे आहेत. मोबाईल दर वेळी रंग आपल्या मनानं ठरवतो. ढग आले की भात जास्तच हिरवं करतो, सांज झाली की आभाळ उजळून टाकतो. मग दोन फोटोंत शेत बदललं की मोबाईलचं मन बदललं, हे कळायला मार्ग राहत नाही.

ठरवलंय ते असं. सगळा खर्च १६,००० च्या आत. कॅमेरा आणि लेन्स जुनीच घ्यायची. शेत आप्पांचं, बेळगावजवळ वडगाव-येळ्ळूर रस्त्याच्या खालच्या अंगाला, बळ्ळारी नाल्याकडचं. जमीन काळी, भात बासमती. तिथं उभं राहून दक्षिणेला बघितलं की पिकाच्या वर समोर राजहंसगड येतो.

२० एप्रिल

कॅमेरा आला. कॅनन १२००डी, सोबत १८-५५ ची लेन्स, ११,००० ला. शहापुरात लग्नाचे फोटो काढणाऱ्या एकांनी मिररलेस घेतला, म्हणून हा विकायला काढला होता. मॉडेल २०१४ सालचं, १८ मेगापिक्सेलचं. बारा इंची प्रिंट काढायला एवढे पुष्कळ झाले.

उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये मी इन्स्पेक्शनला आहे, त्यामुळे माल तपासल्याशिवाय घ्यायचा नाही ही हाताची सवयच. लेन्स काढून मागून टॉर्च मारला. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात, ते नव्हते. मग लेन्स लावून एफ/२२ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, फोकस मुद्दाम घालवून, स्वच्छ आभाळाचा फोटो काढला आणि मोठा करून बघितला. तीन काळे ठिपके होते. ही सेन्सरवरची धूळ. बारीक छिद्रातूनच ती एवढी ठळक दिसते, एफ/८ ला बहुतेक वेळा दिसतही नाही. रबरी ब्लोअरनं (१५० रुपये) कॅमेरा उपडा धरून हवा मारली तर दोन गेले. तिसरा चिकट आहे, तो राहू दे. नंतर टोपी लावून तीस सेकंदांचा एक काळा फोटो काढला, त्यात कुठं पांढरे-लाल ठिपके कायमचे जळत नाहीत ना हे पाहायला. शटर ३० सेकंदांपासून १/४००० पर्यंत सगळ्या वेगांवर चालवून ऐकलं. झूमची रिंग तेवढी सैल वाटली, पण घेतला.

कार्ड ४५०. दुसरी बॅटरी ७००, कंपनीची नाही पण बसते.

४ मे

आज मुद्दाम भर दुपारी शेतात गेले. आप्पा झाडाखालनं ओरडले, "ऊन लागंल गं, रान काय पळून जातंय काय?"

मला सावली बघायची होती. बेळगाव साधारण १५.८५ अक्षांशावर आहे, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य एकदा बरोब्बर डोक्यावर येतो. साडेबाराच्या सुमाराला मी बांधावर काठी उभी रोवली, तर सावली काठीच्या बुडातच जिरली. इथून पुढं ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपासपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. माझं तोंड दक्षिणेला, गडाकडे. म्हणजे पावसाळ्यात दुपारी ऊन माझ्या पाठीमागून पडणार, आणि कापणीच्या दिवसांत सूर्य गडाच्या बाजूला उतरून समोरून डोळ्यात येणार. हे आधी कळलं ते बरं झालं. वर्षभर एकच वेळ पाळायची तर दुपार उपयोगाची नाही.

सकाळी आठ ठरवली. तेव्हा ऊन डावीकडून, पूर्वेकडून तिरकं येतं आणि ढेकळाढेकळाची सावली पडते. दुपारच्या फोटोत नांगरलेलं रान नुसतं काळं कांबळं दिसतंय.

जागाही ठरली. बांधाच्या कोपऱ्यावर हद्दीचा दगड आहे, मांडीएवढा उंच, माथा सपाट. ट्रायपॉडला बाराशे-पंधराशे घालवण्यापेक्षा जुन्या उशीच्या अभऱ्यात दोन किलो भात भरून शिवला आणि ती पिशवी दगडावर ठेवली. कॅमेरा त्यात रुततो, हलत नाही. दगडाच्या माथ्यावर कामावरच्या पिवळ्या ऑइलपेंटचा एक ठिपका दिला. लेन्स दर वेळी त्या ठिपक्याच्या वर येईल.

२५ मे

धूळवाफ पेरणी. कोरड्या मातीत बी टाकून पावसाची वाट बघायची, ही आमच्याकडची जुनी रीत. दादानं कुरी धरली होती, बैलजोडी शेजारच्यांची. बैलांच्या पायातनं धूळ उठत होती आणि डावीकडच्या उन्हात ती पेटल्यासारखी दिसत होती. पन्नासेक फोटो काढले.

घरी येऊन मेच्या तिन्ही खेपांचे फोटो एकावर एक ठेवले, आणि जमेना. गड कधी मोठा, कधी लहान. फोटोच्या माहितीत फोकल लेंग्थ (झूम किती ओढला तो आकडा) बघितली तर एकाला ४१ मिमी, एकाला ३८. सैल रिंग खांद्यावरच्या पिशवीत फिरते. ५५ च्या टोकाला नेऊन ठेवली की झूम हलत नाही हे खरं, पण या लेन्सच्या फोकसच्या रिंगवर अंतराचे आकडेच नाहीत. मागच्या खेपेला कुठं फोकस केला होता तिथं परत नेता येत नाही. माझ्या कामाला झूम नको. एकच फोकल लेंग्थ आणि रिंगवर मीटरचे आकडे, एवढं पाहिजे.

८ जून

मिळाली! शहापुरातल्या एका म्हाताऱ्या स्टुडिओवाल्या काकांकडे. स्टुडिओ बंद होऊन बरीच वर्षं झाली. कपाटात रशियन झेनिट होता, त्याच्यावर हेलिओस ४४-२, ५८ मिमी, एफ/२. दोन्ही मिळून १,५०० ला दिलं. देताना लेन्स धोतराच्या सोग्यानं पुसायला गेले आणि मधेच थांबले. "नको, तू ब्लोअरनं मार. आमी लई काचा खराब केल्या असं पुसून." ते तीन रोलांत अख्खं लग्न बसवायचे. एका रोलात छत्तीस. म्हणून अक्षता पडताना एकच बटण दाबायचं आणि ते चुकवायचं नाही.

या लेन्सला पुढं दोन रिंगा आहेत. एकीनं आकडा ठरवायचा, दुसरीनं उघडझाप करायची. एफ/८ म्हणजे ५८ भागिले ८, सव्वासात मिमीचं छिद्र. एफ/२ म्हणजे २९ मिमीचं. रोज मशीनवरच्या भोकांचे व्यास मोजणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही: व्यास दुप्पट केला की क्षेत्रफळ चौपट होतं, म्हणजे एफ/८ वरून एफ/४ ला आलं की प्रकाश चौपट. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ हे आकडे आधी पाठ करायचे म्हणून केले होते, आज त्यांचा अर्थ हाताला लागला. पुढच्या प्रत्येक आकड्याला प्रकाश निम्मा.

झेनिटची लेन्स आट्यांची आहे, एम ४२, पिच १ मिमी. कॅननला आट्या नाहीत, तिथं बायोनेट, म्हणजे घालून फिरवलं की अडकणारं तोंड. मधे बसवायची रिंग ५५० ला मागवली. कॅननच्या बॉडीवर जुन्या लेन्सा बसतात याचं कारण साधं आहे. झेनिटमध्ये लेन्स फिल्मपासून ४५.४६ मिमीवर बसते, कॅननमध्ये ४४ वर. १.४६ मिमी जागा उरते आणि तेवढ्यात रिंग मावते. निकॉनमध्ये हेच अंतर ४६.५ आहे, तिथं रिंगेला जागाच उरत नाही. जुन्या लेन्सांवर भागवायचं असेल त्यानं बॉडी घेण्याआधी हा हिशेब करावा.

ऑटोफोकस नाही. कॅमेऱ्यात एफच्या जागी ००  येतं. मॅन्युअलवर ठेवून सगळं आपण करायचं.

१५ जून

पाऊस सुरू झालाय, उगवण दिसते. हिरवे ठिपके, ओळीनं.

पण फोटोत गड धूसर. रिंग अनंताच्या खुणेला टेकवून ठेवली होती, तरी. आधी वाटलं धुकं आहे. मग हात हलला असेल असं वाटलं. भाताच्या पिशवीवर हात कसा हलेल? लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावरचं चालू चित्र) दहा पट मोठा करून बघितलं. समोरचा बांध लख्ख, त्यामागचं झाड जरा मऊ, गड म्हणजे लोण्याचा गोळा. एफ/१६ केलं की गड बराच सावरतो, एफ/८ ला पुन्हा विरघळतो. छिद्र लहान केल्यावर सुधारतंय त्या अर्थी चूक फोकसचीच, आणि लेन्स टोकाला टेकलेली असूनही फोकस अलीकडेच थांबतोय.

घरी रिंग हातात घेऊन बसले. संशय जाडीचा.

१७ जून

जेवणाच्या सुट्टीत रिंग मायक्रोमीटरमध्ये धरली. सहा ठिकाणी मोजली. १.७६, १.७६, १.७७, १.७६, १.७६, १.७६. पाहिजे १.४६. तीन दशांश जास्त.

एवढ्यानं काय होतं? लेन्स सेन्सरपासून ०.३ मिमी पुढं गेली की तिचा सगळ्यात लांबचा फोकस साधारण फोकल लेंग्थच्या वर्गाला त्या फरकानं भागून येतो. ५८ गुणिले ५८ म्हणजे ३,३६४. भागिले ०.३ म्हणजे सुमारे ११,२०० मिमी. अकरा मीटर! मी अनंतावर लावत होते आणि लेन्स अकरा मीटरवर थांबत होती. बरोबर त्या बांधापाशी. माणसांचे फोटो काढणाऱ्याला हे कधी कळणारही नाही, कारण माणूस अकरा मीटरच्या आतच उभा असतो. माझ्यासमोर गड आहे म्हणून कळलं.

लेथवरच्या काकांना रिंग दाखवली. त्यांनी ती उलटीसुलटी केली. "कुठल्या तोंडाला घेऊ?" हा प्रश्न महत्त्वाचा होता. बायोनेटचं तोंड कॅमेऱ्यात अडकतं, त्याला हात लावायचा नाही. लेन्स टेकते ते तोंड घ्यायचं. "किती ठेवू?" मी १.४४ सांगितलं. दोन शतांश मुद्दाम कमी, म्हणजे लेन्स अनंताच्या किंचित पलीकडे जाईल, अलीकडे कधी अडणार नाही.

पातळ ॲल्युमिनियमची रिंग लेथच्या साध्या जबड्यात आवळली की अंडाकार होते. काकांनी मऊ जबडे लावले, ते जाग्यावर बोअर करून घेतले, रिंग हलक्या हातानं धरली आणि डायल लावून तोंड एक शतांशात आणलं. मग कट: एक दशांश, एक दशांश, नंतर आठ शतांश. केसासारखी बारीक चकाकती कात सुटत होती. शेवटचा कट घ्यायच्या आधी मशीन थांबवून त्यांनी मला मोजायला दिलं. १.४८. शेवटचे चार शतांश घेतले आणि १.४४ आलं. "तुझ्या फोटूत माझं नाव घाल," म्हणाले आणि चहाला गेले.

धुण्याचं काम त्याहून नाजूक. ॲल्युमिनियमची एक कात जरी कॅमेऱ्यात पडली तरी सेन्सर गेला. कडांचे बर (सुटलेली धातूची बारीक टोकं) ब्लेडनं काढले, रॉकेलमध्ये ब्रशनं आट्या घासल्या, साबणानं धुतली, हवा मारली, परत भिंगातून बघितली. परत धुतली.

बसवल्यावर एक गंमत झाली. आट्यांचा पिच १ मिमी, आणि मी ०.३२ मिमी काढलं. म्हणजे लेन्स आता एकतृतीयांश फेरी जास्त आत जाते. आकड्यांची खूण आधी वर यायची, ती आता मागून बघताना घड्याळातल्या आठाच्या जागी, डाव्या कुशीला आली. वाकून वाचावी लागते. चालेल.

१८ जून

कामावर जायच्या आधी सातला शेतात. गडाची तटबंदी धारदार. दहा पटीवर दगडांच्या ओळी दिसतात.

आता पक्की कृती लिहून ठेवते, पुढच्या खेपांसाठी. एफ/११. फोकस १६ मीटरवर. या मापांना आठ मीटरपासून गडापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटो नाही, कायम डेलाइट, मग ढग असोत नाहीतर ऊन. फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं रंग न बदललेली मूळ फाइल. शटर १/१२५ च्या खाली न्यायचं नाही, कारण वाऱ्यावर पीक हलतं. ढगाळ असलं तर आयएसओ (सेन्सर उजेडाला किती दाद देतो तो आकडा) वाढवायचा. लख्ख उन्हात एफ/१६ ला, आयएसओ १०० असताना, शटर सुमारे १/१०० हा जुन्या लोकांचा ठोकताळा घेऊन निघायचं आणि पडद्यावरच्या आलेखावर खात्री करायची. गडाचं डावं टोक ग्रिडच्या डाव्या उभ्या रेषेवर.

२९ जून

पाऊस सोडत नाही. कॅमेऱ्याला खोळ केली: जाड प्लास्टिकची पिशवी, एका कोपऱ्याला भोक, त्यातून लेन्सचं तोंड बाहेर, वर रबर बँड. वहिनी सोबत आली. "मी धरतो छत्री, तू काढ निवांत." (आमच्याकडे बायकाही धरतो, करतो असंच बोलतात. मी लिहिताना शाळेतलं लिहिते आणि बोलताना वहिनीसारखंच बोलते.)

ढगाळ आभाळ फोटोत अर्धी जागा खातं, आणि कॅमेऱ्याचं मीटर सगळ्या दृश्याला मध्यम राखाडी समजून मोजतं. म्हणून आभाळ राखाडी आणि भात काळं येत होतं. मीटरपेक्षा एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, उजेड दिला तेव्हा कोवळं हिरवं हिरवं दिसलं.

२० जुलै

बळ्ळारी नाला फुगला. शिवारात पाणी आलं.

दरवर्षी कमीजास्त येतंच. यंदा चार दिवस झाले, उतरत नाही. वडगावकडून येताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसतं पाणी. दगडापर्यंत जाता येईना. तिथून चाळीसेक पावलं मागं, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर पिशवी ठेवली आणि तिथूनच काढला. पहिल्यांदाच जागा सुटली. चौकटीत दगडही आला: त्याचं डोकं आणि वरचा पिवळा ठिपका, बाकी पाण्याखाली. भाताचे शेंडे कुठंच नाहीत. पलीकडे बोअरची स्टार्टर पेटी ज्या चौथऱ्यावर होती तो चौथराही दिसत नव्हता. गड मात्र रोजच्यासारखा.

आप्पा कठड्याशी येऊन उभे राहिले. मी कॅमेरा त्यांच्याकडे वळवला नाही. त्यांची पाठ एका फोटोत कडेला आलीय, तेवढी ठेवली. चेहरा काढायचं मला धाडस झालं नाही, आणि झालं नाही तेच बरोबर होतं असं अजूनही वाटतं.

दादा म्हणाला, "आजच्याएवढं पाणी ह्या साली झालं न्हाई." दुसऱ्या दिवसापासून उतरायला लागलं.

३ ऑगस्ट

खालचा निम्मा तुकडा कुजला. वरच्या अंगाचं पिवळं पडलंय पण मुळात जीव आहे. दादानं उचगावकडच्या पाव्हण्यांकडून उरलेली रोपं आणली आणि रिकाम्या जागी लावणी केली. स्टार्टर जळाला. नवा घ्यावा लागणार.

दगड मोकळा झाला. ठिपका शाबूत. आजचा फोटो पुन्हा त्याच जागेवरून: डावीकडं पिवळं, उजवीकडं लावणीचं हिरवं, मधे चिखलाचा पट्टा. आधीच्या फोटोंशेजारी ठेवला की अंगावर येतो.

१७ ऑगस्ट

पुरानंतर महिनाभर कॅमेऱ्यासोबत आलेल्या १८-५५ लेन्सकडे लक्षच दिलं नव्हतं. आज टॉर्च मारला तर मागच्या काचेच्या कडेला पांढऱ्या केसासारखे दोन धागे. बुरशी. दोष माझाच, कॅमेऱ्याच्या कापडी पिशवीत ठेवून कपाट बंद केलं होतं. कापड ओल धरून ठेवतं. आर्द्रता मापायचं लहान यंत्र ३०० ला आणलं, कपाटात ठेवलं: ८८.

आता रबरी कडेचा घट्ट झाकणाचा डबा (२५०), आत सिलिका जेल (१२०), आणि तेच यंत्र. दुसऱ्या दिवशी सकाळी ४६ दाखवलं. चाळीस ते पन्नासच्या मधे ठेवायचं. फार कोरडंही बरं नाही, लेन्समधलं ग्रीस सुकतं. नारिंगी दाणे हिरवट झाले की जुन्या कढईत मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करून घ्यायचे. ही कढई वेगळी ठेवलीय, सैपाकाला नाही.

बेळगावात कॅमेरा घेणाऱ्यानं दुसरी लेन्स घ्यायच्या आधी डबा घ्यावा. पावणेसातशे रुपयांच्या आतलं काम आहे, आणि ते मी जूनमध्येच करायला पाहिजे होतं.

३१ ऑगस्ट

भांगलण. सात बायका ओळीनं. कृतीबाहेरचे फोटो आज पहिल्यांदा काढले, हेलिओस एफ/२.८ वर, जवळून. आधी विचारलं. एक मावशी म्हणाल्या, "पेपरात येतंय काय?" नाही म्हटलं, तुम्हाला कागदावर आणून देते. "मग काढ. पण डोस्क्यावरचं पोतं काढू दे." मी म्हटलं, पोतं राहू दे. त्या हसल्या आणि पोतं सारखं करून घेतलं, साडीचा पदर करतात तसं.

सगळ्यात चांगला आला तो हातांचा. डाव्या मुठीत उपटलेलं तण, बोटांच्या फटीतून काळा चिखल ओघळलेला, हिरव्या बांगड्यांवर एक थेंब लटकलेला आणि त्या थेंबात आभाळ उलटं. अर्ध्या मीटरच्या आत ही लेन्स फोकस धरत नाही, म्हणून मीच इंच इंच मागंपुढं झाले आणि सहा काढले. पाच चुकले.

१४ सप्टेंबर

गणपती झाले. वरचं भात पोटरीत आहे (लोंबी अजून आत), लावणीचं मागं. ऊन आता दुपारी दक्षिणेकडून येतं, सकाळच्या सावल्या जूनपेक्षा लांब. डार्कटेबलवर सगळे फोटो एकाच मापानं काढून घेतले. सॉफ्टवेअर फुकट आहे. जुन्या लॅपटॉपवर एका फोटोला मिनिटभर लागतं, लागू दे.

बायकांचे फोटो चार बाय सहाचे छापून दिले. मावशींनी आपला फोटो पदराला पुसून ब्लाउजमध्ये ठेवला.

१२ ऑक्टोबर

वरचं निसवलं, लोंब्या बाहेर आल्या. वास सुटलाय. तो फोटोत येत नाही.

२३ नोव्हेंबर

कापणी आणि मळणी उरकली. खालच्या तुकड्यात निम्म्याहून कमी. गवताची गंजी घातली.

शेवटचा फोटो आज सकाळी आठला. सूर्य डावीकडून पण आता गडाच्या बाजूला सरकलेला, त्यामुळे धसकटांच्या सावल्या माझ्याकडे येतात. लेन्सच्या काचेवर ऊन पडून फोटो पांढुरका होत होता, वहिनीनं टोपल्यानं आडोसा केला.

हिशेब: कॅमेरा ११,०००, कार्ड ४५०, बॅटरी ७००, ब्लोअर १५०, हेलिओस १,५००, रिंग ५५०, डबा, जेल आणि यंत्र ६७०. झाले १५,०२०. प्रिंट ४८०. उरले ५००.

३० नोव्हेंबर

येळ्ळूरच्या घरात फोटो भिंतीला टाचणीनं ओळीनं लावले. शेजारची पोरं आली, दादा आला, सगळे गडाकडं बोट दाखवत होते. आप्पा बराच वेळ एकटेच जुलैच्या फोटोसमोर उभे होते. मला वाटलं त्यांना वाईट वाटतंय. ते म्हणाले, "ह्यात पाणी दगडाला कुठवर हाय, नीट सांगता येईल काय?"

येईल की. शेतात जाऊन दगडाचा माथा मोजला, रुंदी २८ सेंटिमीटर. लॅपटॉपवर फोटोत तीच रुंदी १२६ पिक्सेल. पाण्याच्या वर दगड ३६ पिक्सेल. म्हणजे ८ सेंटिमीटर. त्या दिवशीचं पाणी माथ्याच्या आठ सेंटिमीटर खाली.

दादानं गवंड्याकडनं पाण्याची नळी आणली. एक टोक मी दगडाशी धरलं, आत पाणी दगडावर त्या उंचीला मारलेल्या खडूच्या रेघेवर येईपर्यंत वरखाली केलं. दुसरं टोक आप्पांनी बोअरपाशी नव्या खांबाला लावलं. नळीतलं पाणी डोललं, थांबलं. "धर," म्हणाले आणि खिळ्यानं खांबावर रेघ ओढली. त्यांच्या छातीशी आली.

"ह्याच्यावर एक हात," आप्पा दादाला म्हणाले. "पेटी तिथं बसव."

मी डब्यातला उरलेला पिवळा रंग त्या रेघेवर दिला.

मसूर पेरून झाली. पुढचा फोटो ७ डिसेंबर, सकाळी आठ, एफ/११, १६ मीटर.